चढलेल्या नदीत कयाकिंग: बुडणे, दुखापती आणि नंतरचा ताप

पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या नद्यांवर राफ्ट आणि कयाक दिसू लागतात. महाराष्ट्रात यासाठी सर्वांत परिचित नदी म्हणजे रायगड जिल्ह्यात कोलाडजवळून वाहणारी कुंडलिका. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातील चालिप्पुळा आणि इरुवंजिप्पुळा या नद्यांवर भर पावसाळ्यात कयाकिंगच्या स्पर्धा होतात. याउलट ऋषिकेशला गंगेवरचे राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद ठेवले जाते, कारण त्या दिवसांत पाणी फार चढलेले असते.

राफ्टमध्ये तुमच्यासोबत गाइड आणि इतर माणसे असतात. कयाकमध्ये तुम्ही बहुधा एकटे असता, पाय नावेच्या आत असतात आणि नाव सहज उलटते. म्हणून चढलेल्या पाण्यात कयाक चालवण्यापूर्वी शरीरावर काय परिणाम होतो, अपघात झाल्यास पहिल्या काही मिनिटांत काय करायचे आणि घरी परतल्यावर कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवायचे, हे माहीत असायला हवे. ही माहिती कयाकिंग करणाऱ्यांसाठी आहे, तशीच काठावर थांबणाऱ्या मित्रांसाठी आणि घरच्यांसाठीही आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• अशा नद्यांतले बहुतेक मृत्यू श्वास न मिळाल्याने, म्हणजे बुडून होतात. हाडे मोडल्याने होणारे मृत्यू त्या मानाने कमी.
• वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका. पाय दगडांत अडकू शकतो.
• बुडालेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. पोट दाबून पाणी काढत बसू नका.
• पाण्यातून काढल्यावर खोकला किंवा धाप असेल तर माणूस बोलत असला तरी रुग्णालयात न्या.
• पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचे आवर्जून सांगा.

पाणी चढले की नेमके काय बदलते?

पातळी वाढली की दगड पाण्याखाली जातात आणि नदी वरून सपाट, सोपी दिसू लागते. प्रत्यक्षात चार गोष्टी बदललेल्या असतात.

१. जोर. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर पडणारा जोर चौपट होतो. एक ढोबळ हिशेब पाहा. सेकंदाला १ मीटर वेगाच्या पाण्यात तुमचे अर्धा चौरस मीटर अंग आडवे आले तर साधारण २५ किलो वजनाइतका जोर बसतो. वेग २ मीटर झाला तर तो १०० किलोइतका आणि ३ मीटर झाला तर सव्वादोनशे किलोइतका होतो. एवढ्या जोरापुढे अडकलेला पाय स्वतःच्या ताकदीने सोडवता येत नाही.

२. वेळ. सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहणारा माणूस पाच मिनिटांत जवळजवळ एक किलोमीटर खाली जातो. मदत करणाऱ्यांना काठावरून धावत गाठणे कठीण होते.

३. थांबायच्या जागा. एरवी मोठ्या दगडामागे किंवा वळणावर शांत पाण्याचे कोपरे असतात, तिथे दम घेता येतो. पाणी चढले की हे कोपरे नाहीसे होतात आणि पाणी काठावरच्या झाडाझुडपांत शिरते.

४. पाण्यातला गाळ आणि ओंडके. गढूळ पाण्यात खालचे काही दिसत नाही. वरून वाहून आलेली लाकडे, फांद्या, तारा आणि प्लास्टिकही सोबत असते.

नद्यांच्या खळाळांना पहिल्या ते सहाव्या श्रेणीपर्यंत क्रमांक देतात. ही श्रेणी त्या जागेची कायमची ओळख नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या श्रेणीचा असलेला खळाळ पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा होऊ शकतो. "मागच्या वेळी मी इथून गेलो होतो" हा अनुभव पाण्याची पातळी वेगळी असेल तर उपयोगी पडत नाही.

कुंडलिकेसारख्या नदीत आणखी एक गोष्ट असते. या नदीला भिरा जलविद्युत प्रकल्पातून सुटणारे पाणी मिळते, म्हणूनच उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग चालते. पावसाळ्यात या पाण्यात डोंगरातून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची भर पडते. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असले तरी घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडत असू शकतो. पाण्याचा रंग अचानक मातकट होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, पाण्याचा आवाज वाढणे, मघाशी दिसणारा दगड बुडणे किंवा भोंगा वाजणे, यांपैकी काहीही जाणवले तर ताबडतोब बाहेर पडा आणि उंचावर जा.

कोणी उतरू नये?

खालीलपैकी काही असेल तर चढलेल्या पाण्यात कयाकिंग टाळा. शांत पाण्यात करायचे असले तरी आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

• फिट येण्याचा आजार, औषधांनी ताब्यात असला तरी
• हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, श्रम करताना किंवा पोहताना चक्कर येऊन पडल्याचा इतिहास
• कुटुंबात तरुण वयात, विशेषतः पोहताना, अचानक झालेला मृत्यू. हृदयाच्या ठोक्यांचे काही आनुवंशिक दोष पोहतानाच प्रथम उघड होतात. आधी ईसीजी काढून घ्या.
• वारंवार अटॅक येणारा दमा
• इन्शुलिन घेत असाल आणि साखर अचानक उतरत असेल तर
• पूर्वी निखळलेला खांदा, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, पाठीच्या मणक्याचा त्रास
• रक्त पातळ करणारी औषधे. डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो
• गरोदरपण
• अंगात ताप, जुलाब किंवा अपुरी झोप

दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे निर्णय, तोल आणि श्वासावरचा ताबा एकाच वेळी गमावणे. आदल्या रात्री उशिरापर्यंत प्यायलेली दारूही सकाळी रक्तात शिल्लक असू शकते.

उतरण्यापूर्वी हे तपासा

• लाइफ जॅकेट: सर्व पट्टे आवळल्यावर कोणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते तुमच्या मापाचे नाही. पाण्यात ते तोंडावर येईल.
• हेल्मेट: कपाळ झाकले पाहिजे आणि पट्टा बांधल्यावर मागे-पुढे हलता कामा नये.
• पायात: टाच बांधलेली पादत्राणे. चपला वाहून जातात आणि अनवाणी पायाला जखमा होतात.
• स्प्रे स्कर्ट: नावेच्या तोंडावर बसणाऱ्या या आवरणाची ओढायची दोरी बाहेर आणि हाताला लागेल अशी आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहा. ती आत राहिली तर उलट्या नावेतून सुटणे फार कठीण.
• गळ्यातले, अंगठ्या, सैल दोरे काढून ठेवा. चष्म्याला पट्टा बांधा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून नदीत उतरू नका. दूषित पाण्यातील जंतूंमुळे बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.
• आयोजक: राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून आयोजकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीविषयी विचारा. त्याहून महत्त्वाचे प्रश्न असे: सोबत बचावासाठी दुसरी कयाक आहे का? काठावर दोरी घेऊन कोण उभे राहणार? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाला आहे? जवळचे रुग्णालय कोणते? उत्तरे अडखळत आली तर त्या दिवशी उतरू नका.

पाण्यात पडलात तर

नाव उलटली: पाण्याखाली गेल्याबरोबर पुढे वाका, कपाळ नावेच्या दिशेने न्या. यामुळे तोंड आणि मान वाचते आणि मार बसलाच तर तो हेल्मेटवर बसतो. नाव सरळ करता आली नाही तर स्प्रे स्कर्टची दोरी पुढे व वर ओढा, दोन्ही हातांनी नाव ढकला आणि पाय मोकळे करा. हा सराव आधी शांत पाण्यात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली अनेक वेळा झालेला हवा. तो झाला नसेल तर चढलेल्या नदीत उतरायची तयारी अजून झालेली नाही असे समजा.

बाहेर आल्यावर: पाठीवर तरंगा. पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, गुडघे किंचित वाकलेले आणि पायाची बोटे पाण्यावर दिसतील अशी ठेवा. समोर दगड आला तर पायांनी ढकला. हातांनी मागे वल्हवत काठाकडे तिरके सरका. जागा सुरक्षित दिसली की पालथे होऊन जोर लावून काठाकडे पोहा. नाव हातात असेल तर प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला तुम्ही राहा. पाण्याने भरलेली नाव आणि दगड यांच्यामध्ये सापडू नका.

उभे राहू नका: पाणी गुडघ्यापर्यंत आणि संथ होईपर्यंत तळाला पाय टेकू नका. दगडांच्या फटीत पाऊल अडकले की मागचा प्रवाह अंगाला पुढे ढकलून तोंड पाण्याखाली दाबतो. कमरेएवढ्या पाण्यात चांगले पोहणारी माणसे बुडतात ती अशीच.

श्वास कधी घ्यायचा: लाटेच्या माथ्यावर पाणी तोंडावर फुटते. दोन लाटांच्या मधल्या खळग्यात श्वास घ्या आणि माथ्यावर तोंड मिटा. मोठ्या लाटा एकामागून एक येत राहिल्या तर अंगावर लाइफ जॅकेट असूनही दर श्वासाला थोडे थोडे पाणी फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस तरंगतानाच बुडतो. म्हणून चढलेल्या पाण्यात जॅकेटवर भरवसा ठेवून वाहत जाणे धोक्याचे आहे. लवकरात लवकर काठ गाठायचा.

झाडे आणि फांद्या: पाणी फांद्यांच्या जाळीतून आरपार जाते, माणूस मात्र अडकतो. दुरूनच बाजूला पोहा. टाळणे अशक्य असेल तर पालथे व्हा, डोके पुढे करून जोराने त्या दिशेने पोहा आणि छाती फांदीवर चढवा. पाय पुढे ठेवून गेलात तर फांदीखाली ओढले जाल.

बंधारे: आपल्याकडे जवळपास प्रत्येक नदीवर कोल्हापुरी पद्धतीचा किंवा दुसरा एखादा छोटा बंधारा असतो. वरून येताना तो पाण्याच्या सरळ रेषेसारखा दिसतो. खाली पडलेले पाणी मात्र उलटे फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच येते आणि त्यात सापडलेली वस्तू गोल फिरत राहते. शिवाय त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने जॅकेटही नेहमीसारखे तरंगवत नाही. बंधारा आला की नाव खांद्यावर घेऊन काठाने चालत जा. कोणी त्यात अडकला असेल तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेले बुडाल्याच्या घटना अशाच ठिकाणी घडतात.

काठावरच्यांनी काय करावे?

क्रम लक्षात ठेवा: आधी हाक मारा आणि हात करून दिशा दाखवा, मग काठी किंवा वल्हे पुढे करा, मग दोरी फेका. यातले काही जमले नाही तरच नाव न्यावी, आणि तीही प्रशिक्षित माणसाने. दोरी नसेल तर एकमेकांना बांधलेल्या ओढण्या, लांब बांबू, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन उपयोगी पडतो. दोरी स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला बांधू नका. एकाने लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करावा.

पाण्यातून काढल्यावर श्वास नसेल तर

बुडण्यात आधी श्वास बंद होतो आणि नंतर हृदय थांबते. शरीरातला ऑक्सिजन संपलेला असतो. म्हणून इथला क्रम साध्या हृदयविकाराच्या झटक्यापेक्षा वेगळा आहे. फक्त छाती दाबली तर ऑक्सिजन नसलेलेच रक्त फिरत राहते.

१. व्यक्तीला टणक, सपाट जागी उताणे झोपवा. हाक मारा, खांदे हलवा.
२. कपाळ मागे आणि हनुवटी वर करून श्वासाचा मार्ग मोकळा करा. मानेला मार लागल्याची दाट शंका असेल तर मान न वळवता जबडा पुढे उचला. मात्र मानेच्या भीतीने श्वास देणे थांबवू नका.
३. १० सेकंदांपर्यंत पाहा: छाती हलते का, श्वास जाणवतो का? अधूनमधून आचके देणे म्हणजे श्वास नव्हे.
४. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या. प्रत्येक श्वास साधारण १ सेकंदाचा, छाती वर येईल इतका. काही प्रशिक्षणांत इथे २ श्वास शिकवतात; तसे शिकला असाल तर तसे करा.
५. अजूनही हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब द्या. प्रौढ व्यक्तीत ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. मग २ श्वास. हे चक्र चालू ठेवा.
६. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किंवा व्यक्ती स्वतः श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नका.

तोंडाला फेस येईल, तो पुसत बसू नका. त्यावरूनच श्वास द्या. उलटी झाली तर अंग एका कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. तोंडाने श्वास देणे जमत नसेल तर निदान छाती दाबणे चालू ठेवा. काहीच न करण्यापेक्षा ते चांगले. व्यक्ती नीट श्वास घेऊ लागली की तिला कुशीवर झोपवा आणि नजर ठेवा.

हे करू नका

• पोट दाबून पाणी काढणे, घागरीवर पालथे घालणे, पायाला धरून उलटे टांगणे किंवा खांद्यावर घेऊन गोल फिरवणे. यातून बाहेर येते ते बहुतेक पोटातले पाणी. ते श्वासनलिकेत शिरून नुकसान वाढते आणि मौल्यवान मिनिटे वाया जातात.
• "नाडी लागत नाही, संपले" असे ठरवून थांबणे.
• बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा किंवा औषध घालणे.
• खाजगी गाडी शोधण्यात वेळ घालवणे आणि तोवर श्वास न देणे. मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याने होणारी इजा काही मिनिटांतच सुरू होते. ॲम्ब्युलन्स येण्याआधी काठावरच्या माणसांनी काय केले, यावर बरेचदा निकाल ठरतो.

बाहेर आला, बोलतो आहे, पण खोकतो आहे

बरेच जण इथे फसतात. माणूस शुद्धीवर असतो, "मी ठीक आहे" म्हणतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि घाटातून परतीचा प्रवास सुरू होतो. फुप्फुसात गेलेले पाणी हवेच्या पिशव्यांतला त्यांना उघडे ठेवणारा थर बिघडवते. त्यामुळे सूज आणि धाप पुढच्या काही तासांत वाढू शकते. सुरुवातीला छातीचा एक्स-रे चांगला दिसू शकतो.

खालीलपैकी काहीही असेल तर ताबडतोब रुग्णालयात न्या:

• थांबत नसलेला खोकला, तोंडाला फेस, छातीत घरघर
• धाप, भराभर श्वास, छातीत दुखणे
• काही क्षण तरी शुद्ध हरपली असेल किंवा तोंडाने श्वास द्यावा लागला असेल
• गुंगी, गोंधळल्यासारखे बोलणे, ओठ निळसर दिसणे, वारंवार उलट्या

तिथे बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन तपासतात आणि साधारण ४ ते ८ तास देखरेखीखाली ठेवतात. त्रास असेल तर ऑक्सिजन देतात. प्रत्येकाला प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड लागत नाहीत. त्यांचा आग्रह धरू नका.

याचीच दुसरी बाजू अशी की बुडता बुडता वाचलेला माणूस पूर्ण ठणठणीत असताना चार दिवसांनी अचानक "कोरडा बुडून" दगावतो, या संदेशांत तथ्य नाही. त्रास होणार असेल तर तो पहिल्या काही तासांतच दिसू लागतो. "कोरडे बुडणे", "दुय्यम बुडणे" असे शब्द वैद्यकशास्त्राने २००२ पासून बाजूला ठेवले आहेत. आता बुडण्याची व्याख्या एकच: पाण्यात गेल्यामुळे श्वासाला अडथळा येणे. त्यातून माणूस दगावतो, इजेसह वाचतो किंवा इजेविना वाचतो.

गारठा

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. बर्फाचे पाणी येणाऱ्या हिमालयातील नद्यांत पडल्याबरोबर आपोआप मोठा आचका बसतो आणि एक ते तीन मिनिटे श्वास भराभर चालतो. त्याच वेळी तोंड पाण्याखाली असले तर पाणी आत जाते. अशा वेळी पहिल्या मिनिटात पोहण्याची घाई न करता तरंगत राहा, तोंड वर ठेवा आणि श्वास ताब्यात येऊ द्या. समोर झाड, बंधारा किंवा दुसरा धोका असेल तर मात्र आधी तो टाळा. त्यानंतरच्या काही मिनिटांत बोटे आणि हात बधिर होऊ लागतात, दोरी धरता येत नाही. म्हणून ताकद असतानाच काठ गाठा.

सह्याद्रीतले पावसाळी पाणी इतके गार नसते. तरी दोन-तीन तास भिजलेले कपडे आणि वारा यांनी अंग गार पडते. जोराची थरथर, अडखळत बोलणे, हातातून वस्तू पडणे ही सुरुवातीची लक्षणे. ओले कपडे काढा, अंग कोरडे करून घोंगडी किंवा रजईत गुंडाळा, डोके झाका. नीट शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. दारू देऊ नका. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरून उष्णता आणखी जाते. हातपाय चोळू नका. फार गारठलेल्या माणसाची थरथर थांबते आणि तो सुस्त होतो. तो बरा झाला असे समजू नका. त्याला आडवा ठेवून, धक्के न देता रुग्णालयात न्या.

खांदा, डोके आणि मान

खांदा निखळणे ही कयाक चालवणाऱ्यांची नेहमीची मोठी दुखापत. हात डोक्यापेक्षा वर किंवा शरीराच्या मागे गेलेला असताना पाण्याचा हिसका वल्ह्यावर बसला की खांद्याचा गोळा खोबणीतून पुढे निसटतो. टाळण्यासाठी कोपर वाकवलेले आणि खाली ठेवा, हात नेहमी छातीच्या समोर ठेवा आणि मागे वळायचे तर हात नव्हे, सारे धड वळवा.

खांदा निखळला तर हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत झोळी बांधून आधार द्या. जागेवर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नका. हाड मोडलेले असेल किंवा नस दबलेली असेल तर त्याने नुकसान वाढते. बोटे गार पडली, बधिर झाली किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा. एक्स-रे काढूनच सांधा बसवला जातो. वय जितके कमी तितकी खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता जास्त, म्हणून दुखणे थांबले तरी फिजिओथेरपीचे व्यायाम पूर्ण करा.

डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, घडलेले न आठवणे, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हातापायातली ताकद कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात जा. हेल्मेट तडकले असेल तर तेही सोबत न्या, माराचा अंदाज येतो. मानेत दुखणे किंवा हातापायांना मुंग्या असतील तर मान न हलवता झोपवून ठेवा. त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नका.

घरी परतल्यावर: ताप आला तर

पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस नेहमीच आढळतो. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. जोराचा पाऊस काठावरची घाण नदीत आणतो, त्यामुळे चढलेले पाणी अधिक धोक्याचे. जंतू त्वचेवरच्या ओरखड्यांतून, भिजून मऊ झालेल्या त्वचेतून आणि डोळे, नाक, तोंड यांतून शिरतात.

हा धोका धडधाकट खेळाडूंनाही असतो. २००० साली मलेशियातील बोर्निओ बेटावर झालेल्या इको-चॅलेंज स्पर्धेनंतर चौकशी केलेल्या १८९ स्पर्धकांपैकी ८० जणांना लेप्टोशी जुळणारा आजार झाला होता. सेगामा नदीत पोहणे हा त्यातला एक ठळक धोका ठरला.

लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, पण २ ते ३० दिवसांत कधीही येऊ शकतात: थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीत रक्त येणे ही गंभीर आजाराची खूण आहे.

• तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना "मी अमुक तारखेला नदीत होतो" हे सांगा. ही माहिती नसेल तर लेप्टोचा विचार उशिरा होतो.
• पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. शंका दाट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.
• तापासाठी पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. लेप्टोत मूत्रपिंडाला आणि डेंग्यूत रक्तस्रावाच्या दृष्टीने त्या धोक्याच्या असतात.
• प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देता येते, पण कोणाला आणि किती हे डॉक्टर ठरवतील. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत.

बाहेर आल्यावर स्वच्छ पाणी आणि साबणाने आंघोळ करा, जखमा धुवा. जखम मळलेली असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा घ्या. नदीचे पाणी पोटात गेल्याने जुलाब, कावीळ किंवा विषमज्वरही होऊ शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला उत्तम पोहता येते. तरीही जॅकेट हवे?
हो. तलावात किंवा विहिरीत पोहणे आणि फेसाळ प्रवाहात तोंड वर ठेवणे यांत फार फरक आहे. डोक्याला मार लागून शुद्ध हरपली तर पोहणे कामाला येत नाही, जॅकेट येते.

पाळी चालू असताना जाता येईल का?
प्रकृती बरी असेल तर हो. कप किंवा टॅम्पॉन वापरा. पोटात कळा किंवा अशक्तपणा असेल तर त्या दिवशी टाळा.

कान दुखत असेल तर?
कानात काडी, तेल घालू नका. दोन दिवसांत थांबले नाही, स्राव आला किंवा ऐकू कमी येऊ लागले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आज पाणी जास्त आहे, पण पैसे भरले आहेत. काय करू?
ज्या पातळीला तुम्ही कधी कयाक चालवली नाही, जिथे काठावर दोरी घेऊन कोणी उभे नाही किंवा गाइडलाच शंका वाटते आहे, तिथे उतरू नका. पाणी उतरले की नदी पुन्हा मिळते. निघण्यापूर्वी कुठून उतरणार, कुठे बाहेर पडणार आणि किती वाजेपर्यंत फोन करणार, हे घरी कोणाला तरी सांगून ठेवा. ठरल्या वेळेला फोन आला नाही तर घरच्यांनी ११२ वर कळवावे.